नळी मिटायच्या आत

परवा कॉलेजातून फोन आला. सरांच्या स्मरणार्थ अंक काढताहेत. "मॅडम, तुम्ही सरांच्या सगळ्यात जवळच्या. दोन पानं तरी लिहाच. त्यांचा अंड्यांचा नाद, एकेक किस्से... जरा हलकंफुलकं असलं तरी चालेल." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. हलकंफुलकं! डोंबलाचं हलकंफुलकं.

पण किस्से होते, हे नाकारून कसं चालेल? माणूसच तसा होता. झूलॉजीचे विभागप्रमुख, पण अंगात दोनच बुशशर्ट आलटून पालटून, खांद्यावर आपल्या सोलापूरचा पंचरंगी टॉवेल आणि खिशात पेनाऐवजी शिसपेन्सिल. पेन्सिल कशाला, तर अंड्यांवर खुणा करायला. अंडं उबवायला ठेवताना वरच्या बाजूला फुली मारायची, म्हणजे आत गर्भ कुठल्या अंगाला आहे ते समजतं. सरांना ही फुलीची सवय इतकी लागली होती की डब्याच्या झाकणावर फुली, रजिस्टरवर फुली, स्टाफरूममधल्या स्वतःच्या खुर्चीच्या पाठीवरसुद्धा फुली. खुर्चीला कसली आलीय वरची बाजू, पण कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

हेच त्यांचं व्रत होतं. विचारल्याशिवाय सांगायचं नाही. "न विचारता सांगितलेलं कानात जातं गं, डोक्यात जात नाही," असं म्हणायचे. आणि विचारलं की मात्र खरं तेच सांगायचे, समोर प्राचार्य असोत नाहीतर कुलगुरू. एकदा परीक्षेला सुपरवायझर होते. गठ्ठा चुकला, मुलांना भलताच पेपर वाटला गेला. सर हात मागे बांधून फेऱ्या मारताहेत. अर्ध्या तासानं एक मुलगी रडकुंडीला येऊन उठली. "सर, हा पेपर आमचा नाही ना?" सर म्हणाले, "नाही." बस्स. त्यावर कॉलेजात केवढा गहजब झाला! आम्ही मात्र कँटीनमध्ये पोट धरधरून हसलो.

अंडी यायची केमहून. तिथं त्यांच्या नात्यातल्या एका बाईंच्या गावरान कोंबड्या होत्या. पॅसेंजरनं टोपली यायची, भुश्श्यात नीट मांडलेली. सर स्टेशनवर जाऊन ती सायकलच्या कॅरिअरला बांधायचे आणि सायकल हातात धरून पार कॉलेजपर्यंत चालत यायचे. धक्का बसायला नको ना. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की विचारायचं, "काय सर, पंक्चर?" सर म्हणायचे, "नाही." आणि पुढं चालू लागायचे. मग चालत का निघालाय, हे विचारायचं त्या बिचाऱ्याला सुचायचं नाही.

मी त्यांची विद्यार्थिनी. एम.एस्सी. झाल्यावर तिथंच तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "उद्यापासून अंडी तू बघ." मी उत्साहानं आमच्या शुक्रवार पेठेतल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून डझनभर अंडी आणली. फुल्या मारल्या, इनक्यूबेटरमध्ये मांडली. इनक्यूबेटर कसला, जुन्या लाकडी कपाटात बल्ब, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी. आणि सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. एप्रिलमध्ये आम्हाला बल्ब बंद करून कपाटावर ओली पोती टाकायला लागायची. तर तीन दिवस मी दर दोन तासांनी तापमान लिहिलं. चौथ्या दिवशी अंडी उघडली. बारा अंडी, बारा पिवळे बलक, दुसरं काही नाही.

लॅबचे शिपाई लक्ष्मणमामा दाराशी उभे राहून बघत होते. "म्याडम, ही दुकानातली हायत न्हवं?"

"हो. का?"

"मग ह्यात काय गावणार? कोंबडाच न्हाय की तितं."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. एम.एस्सी. झूलॉजी! "मामा, सरांना माहीत होतं?"

"व्हय की. पयल्याच दिशी बघून गेले. गालात हसले."

मी तणतणत सरांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस." हा किस्सा पुढं किती वर्षं मी लग्नाकार्यात सांगून लोकांना हसवलं. आता नाही सांगत.

मग केमची अंडी आली आणि दोन दिवसांनी सरांनी मला खिडकी करायला शिकवलं. अंडं आडवं ठेवायचं, टोकाशी सुई घालून थोडा पांढरा भाग काढून घ्यायचा, म्हणजे गर्भ कवचापासून खाली सरकतो. मग फुलीपाशी कात्रीनं नखाएवढं कवच कापायचं. मी वाकून आत पाहिलं. बलकावर लाल रेघांचं बारीक जाळं, आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका. तो उडत होता. हृदय. मला रडायलाच आलं. सर मागं उभे होते. त्यांनी टॉवेल पुढं केला.

हेही लिहायला पाहिजे. शिकवण्यात त्यांचा हात धरणारा मला पुढं कधी भेटला नाही. वर्गात पहिला प्रश्न त्यांचा. "या पेशींना कुणी सांगितलं, तुम्ही हृदय व्हा म्हणून?" मग स्वतःच म्हणायचे, "शेजाऱ्यांनी. सगळ्या पेशींकडे पुस्तक एकच असतं रे बाबांनो. त्यातलं कुठलं पान वाचायचं ते शेजारच्या पेशी सांगतात. एक पेशी रसायन सोडते, दुसरीला ते पोचतं. जवळ असेल तिला जास्त, लांब असेल तिला कमी. तेवढ्यावर ठरतं, अंगठा कुठं आणि करंगळी कुठं."

मग टॉवेल काढायचे आणि टेबलावर पसरायचे. "ही गर्भाची पाठ, पेशींचा सपाट पत्रा. या पत्र्याच्या दोन्ही कडा अशा वर येतात. मधोमध येऊन चिकटतात. झाली नळी. वरच्या टोकाला मेंदू, बाकीचा मज्जारज्जू." टॉवेलाची सुरळी व्हायची. सुरळीखाली ते आपली शिसपेन्सिल सरकवायचे. "आणि हा खालचा दांडा. हा वरच्या पेशींना सारखं सांगत असतो, तुम्ही तळाच्या, तुम्ही तळाच्या. दांडा काढून घेतला तर नळीला तळ होत नाही. दांड्याचा तुकडा बाजूला नेऊन ठेवला तर तिथल्या पेशी स्वतःला तळाच्या समजतात. पण ऐकायचीसुद्धा वेळ असते. ती टळली की दांड्यानं कितीही ओरडावं, वरच्यांना ऐकू येत नाही." मग मुलींच्या बाकांकडे बघून म्हणायचे, "माणसातसुद्धा हेच. बाईला दिवस गेल्याचं नीट कळेपर्यंत ही नळी मिटत आलेली असते." मुली खाली बघायच्या.

एका वर्षी एकीनं विचारलं, "सर, नाही मिटली तर?" सरांनी सुरळी सोडली. टॉवेल टेबलावर तसाच उघडा पडला. त्याच्याकडे बोट दाखवलं आणि तास संपवला. मी मागच्या बाकावर बसून टिपणं काढत होते. पुढं तोच धडा मी त्याच शब्दांत शिकवला. टॉवेलसकट.

आता माझं सांगते. मला दहावीत असल्यापासून फिट यायच्या. गोळी चालू होती, त्यामुळं वर्ष वर्ष काही व्हायचं नाही. पण आईनं घरात कायदा केला होता की हे बाहेर कळता कामा नये. "पोरीच्या जातीला एकदा नाव चिकटलं की संपलं, कोण करून घेणार तुला?" ती पट्ट्यांमधल्या गोळ्या काढून एका डबीत भरायची, पट्ट्या आणि कागद चुलीत घालायची. कुणी विचारलंच तर म्हणायचं, रक्तवाढीच्या आहेत. मीही तेच म्हणायचे. गोळीचं नाव मला कधी पाठ करावंसं वाटलं नाही. बेडकाची सगळी हाडं पाठ होती.

एका दुपारी लॅबमध्ये मला फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा डोकं सरांच्या घडी केलेल्या टॉवेलवर होतं. (आधी त्यांनी इनक्यूबेटरचं दार लावलं आणि मग माझ्याकडे धावले, हे लक्ष्मणमामांनी नंतर सांगितलं. तेव्हा त्याचंही हसू आलं होतं.) माझी पर्स उघडी होती. त्या दिवशी नेमकी मी औषधाच्या दुकानातून पट्टी आणलेली, डबीत भरायची राहिलेली. सर ती पट्टी भिंगाखाली धरून मागचं बारीक अक्षर वाचत होते. वाचून त्यांनी ती जपून पर्समध्ये ठेवली.

मी हात जोडले. "सर, कुणाला सांगू नका. माझं लग्न ठरतंय."

"मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही," सर म्हणाले. "पण विचारल्याशिवाय मी कधी काही सांगतो का?"

आणि त्यांना कोण विचारणार होतं! मी त्या माणसाच्या पाया पडले. खरं सांगते, त्या दिवशी मला वाटलं, हाच आपला देव.

महिन्याभरानं त्यांनी नवा प्रयोग मांडला. तीन बाटल्या, वर फक्त अ, ब आणि क. त्यातलं द्रावण पहिल्या दिवशीच अंड्यात सोडायचं आणि दोन-तीन दिवसांनी खिडकीतून बघायचं की नळी मिटली का. बाटलीत काय आहे ते बघणाऱ्याला माहीत नसावं अशी पद्धत असते, नाहीतर आपण मनात असतं तेच बघतो. बाटल्यांची यादी सरांनी पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवली. बघायचं काम माझं. माझी नजर चांगली आणि अक्षरही.

अ ची अंडी ठीक. ब ची ठीक. क ची अंडी उघडली आणि एकामागून एक, पाठीवर नळी उघडी. खालच्या बाजूला दोन्ही कडा नुसत्या वर येऊन थांबलेल्या. मी लिहीत गेले. उघडी. उघडी. मिटलेली. उघडी. सर मागं येऊन उभे राहायचे.

"झालं?"

"झालं सर."

"काही विचारायचंय?"

"नाही सर."

रोज. जन्मात कधी कुणाला न विचारलेला प्रश्न ते मला रोज विचारत होते, आणि मला वाटत होतं, सर आता थकले. माझं अर्धं चित्त साड्यांत होतं. संध्याकाळी चाटी गल्लीत जायचं असायचं. मोजणी संपली, रजिस्टर कपाटात गेलं आणि क मध्ये काय होतं ते विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. लग्नाला सर आले होते. अक्षता टाकल्या, जेवायला थांबले नाहीत. जाता जाता म्हणाले, "काही विचारायचं असलं तर ये." नवऱ्याकडचे लोक एकमेकांकडे बघून हसले. मीही हसले. आमचे सर तसेच आहेत हो, म्हणाले.

वर्ष-दीड वर्षात मुलगी झाली. तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, एक लाल, ओलसर, उघडा फुगा होता. तिला माझ्या कुशीत दिलंच नाही, तशीच उचलून नेली. मी पलंगावर पडल्या पडल्या नर्सला विचारलं, "पाठ उघडी आहे का?" नर्स दचकली. तिला काय माहीत, हे मी किती वेळा लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू होत्या?" शेजारी आई आणि सासूबाई. आई चटकन म्हणाली, "रक्तवाढीच्या." आणि मीसुद्धा क्षणभर गप्प बसले हो! पोर आत ऑपरेशनच्या टेबलावर, आणि मी गप्प. मग सांगितलं सगळं, सासूबाईंच्या देखत. डॉक्टर म्हणाले, "यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण या गोळीनं धोका वाढतो. दिवस जायच्या आधी आला असतात, तर बहुधा बदलून दिली असती. गोळ्या दुसऱ्याही आहेत." सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरा बोलला, सगळं निभावलं. पण तो एकदा म्हणाला, "मला तरी सांगायचं होतंस."

मुलगी दीड वर्षाची झाल्यावर मी पुन्हा कॉलेजात गेले. सर निवृत्त होत होते. खोली रिकामी करायला मी मदतीला गेले. ड्रॉवर साफ करताना ते पाकीट सापडलं. आता मला गोळीचं नाव पाठ होतं, दुकानातलं आणि पट्टीच्या मागं बारीक अक्षरात असतं ते, दोन्ही. यादीत क च्या पुढं तेच बारीक अक्षरातलं नाव होतं.

सर बेसिनपाशी काचेच्या बशा धूत होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आधीपासून?"

"तुझी पट्टी वाचली तेव्हापासून. धोका आहे हे पुस्तकात छापलेलंच आहे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

नळ चालू होता. सर म्हणाले, "तू विचारलं नाहीस."

माझा हात उठला असता. खरंच उठला असता. ते घाईघाईनं बोलायला लागले, असे घाईघाईनं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मी तुझ्यासाठीच मांडला होता गं तो प्रयोग. नुसतं सांगितलं असतं तर तू घाबरून गोळीच बंद केली असतीस, आणखी फिट आल्या असत्या. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघेल, मग विचारेल, मग नीट बोलता येईल. मी रोज विचारत होतो तुला."

म्हणजे हा धडा होता! दुकानातल्या अंड्यांसारखा. आणि माझं पोर त्यातलं तेरावं अंडं.

मी म्हटलं, "सर, तो तुमचा खालचा दांडा. वरच्या पेशी विचारतील म्हणून तो वाट बघत बसतो का?"

सरांनी नळ बंद केला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून हात पुसत राहिले, हात कोरडे झाले तरी. मी पाकीट पर्समध्ये घातलं आणि निघून आले. निरोप समारंभाला गेले नाही.

त्यानंतर ते एकदाच घरी आले. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, पायांना आधाराचे कॅलिपर लावून कुबड्यांवर चालायला शिकत होती. मी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. ते आपणहून दाराजवळच्या स्टुलावर बसले. पोरीला काय, कुणी पण चालतं. तिनं त्यांना प्रश्नांनी नुसतं भंडावून सोडलं. तुमच्या खिशात पेन्सिल का, टॉवेल का, तुम्ही कुठं राहता, तुमचे दात खरे आहेत का? सर एकेकाचं उत्तर देत होते. कॅलिपर डाव्या-उजव्या पायांचे अदलाबदल होतात असं तिनं सांगितलं, तर त्यांनी पेन्सिल काढून डाव्याच्या पट्ट्यावर फुली मारून दिली.

मग तिनं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "आजोबा, तुम्ही रडताय?"

"हो," सर म्हणाले.

"का?"

आणि मी ताडकन उठले. "सर, चहा टाकते," असं मोठ्यानं म्हटलं आणि मुलीला हाक मारून आत घेऊन गेले, बिस्किटाचा डबा काढायला. मला माहीत होतं, तिनं विचारलंय म्हणजे हा माणूस सांगणार. सगळं सांगणार. चहा घेऊन बाहेर आले तर स्टूल रिकामं होतं.

सर गेले, ते गेल्या महिन्यात. मी गेले नाही. लोक म्हणतील, म्हणू देत. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि अंकात तसं खोटं लिहून देणारही नाही. पण गेले दोन दिवस हे लिहिताना दुसरंच डोक्यात येतंय. सरांनी न सांगण्यात दीड-दोन वर्षं घालवली. आईनं दहा. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे, सहावीत. शाळेत पोरं विचारतात तेव्हा सांगते, "मी जन्मापासूनच अशी आहे," आणि पुढं जाते. ती फुली अजून पट्ट्यावर आहे; कॅलिपर बदलले की नव्यावर ती स्वतःच काढते, पुसट झाली की गिरवते. त्या दिवसानंतर तिनं 'का' असं कधी विचारलं नाही. आणि अकरा वर्षांत मीही सांगितलेलं नाही. ना गोळीचं, ना डबीचं, ना क चं. विचारेल तेव्हा सांगू, असं मी स्वतःला बजावत आले, अगदी हेच शब्द.

अंकाला काय द्यायचं ते नंतर बघू. नाही दिलं तरी त्यांचं काही अडत नाही. साडेपाचला रिक्षा येईल. ती कॅलिपर काढेल, भडंग मागेल, पाय पसरून कॉटवर बसेल. मग तिच्या शेजारी बसून मी हे तिला वाचून दाखवणार आहे, पहिल्या ओळीपासून.

तिनं विचारलेलं नाही.